अकरा एकांची बाकी

७ जून

भोंगा,

पार्सल मिळालं. सव्वीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही माझ्या पत्त्यावर. पोस्टमनच्या कागदावर सही करण्याआधी मी ते तीनदा उलटंपालटं केलं. दोऱ्याला दोन गाठी होत्या, एक घट्ट आणि एक घाईची. म्हणजे तू ते एकदा बांधून पुन्हा सोडलंस. काय आत टाकायचं राहिलं होतं? की काही काढून घेतलंस?

आपली वही आहे हे हाताला लागताच कळलं. सोबत चिठ्ठी असेल म्हणून पान न् पान झटकलं. पुठ्ठ्याचं अस्तर नखानं उचकटून पाहिलं. काही नाही. हसू नकोस. प्रेसमध्ये मला सगळे 'शंका' म्हणायचे ते उगीच नव्हे. समासात एखादं तरी प्रश्नचिन्ह टाकल्याशिवाय माझ्या टेबलावरून प्रूफ उठत नसे. तू मूळ प्रत खणखणीत आवाजात वाचायचीस म्हणून तू भोंगा, आणि मी छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायची म्हणून मी शंका. अकरा वर्षं ही जोडी चालली. मग एका सोमवारी तुझी खुर्ची रिकामी होती आणि टेबलावर तुझ्या राजीनाम्याची कार्बन प्रत होती. मला उद्देशून एक ओळही नव्हती.

आता अचानक वही. कुठे तरी पाणी मुरतंय.

तुला काय हवंय ते सरळ लिही. मी वही वाचलेली नाही. पुन्हा कागदात गुंडाळून कपाटावर ठेवून दिली आहे.

शंका


१९ जून

भोंगा,

तुझं पत्र परवा आलं. पार्सल आधी आणि खुलासा मागून, ही कुठली पद्धत? पोस्टाला दोष देऊ नकोस, दोन्हींवरचे शिक्के मी पाहिले. पत्र तू आठ दिवस उशिरा टाकलंयस. मी काय उत्तर देते याची वाट पाहत होतीस, असंच ना?

तुझ्या डोळ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. शस्त्रक्रिया होईल, सगळ्यांची होते. बारीक आकडे आता दिसत नाहीत म्हणून वही माझ्याकडे, हेही समजलं. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर जे लिहिलंयस ते पहिल्या पानावर का नाही लिहिलंस? तपासनिसाला कळतं गं, माणूस खरी गोष्ट कुठे दडवतो ते.

तर तुझ्या भावाचं, मास्तरांचं पत्र आलं. मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, गुडघ्यांनी जिना उतरता येत नाही, 'एकदा येऊन जा' एवढंच लिहिलंय. आणि तू मला विचारतेस : "मासिकाला माझी चूक कळवणारं ते निनावी पत्र दादाचंच होतं ना? तू अक्षर पाहून सांगितलं होतंस. पुन्हा एकदा सांग, म्हणजे जायचं की नाही ते मी ठरवते."

ते पत्र तुझ्याकडे अजून आहे का? असेल तर पाठव, पाहून सांगते. फाडून टाकलं असशील तर सव्वीस वर्षांपूर्वीच्या अक्षराबद्दल मी काय डोंबल सांगणार! तेव्हा मी "त्यांच्यासारखं वाटतं" म्हणाले होते. वाटतं आणि आहे यांत फरक असतो.

आणि मास्तरांबद्दल विचारतेस तर मीही एक विचारते. त्या मासिकात तुझा लेख आला तेव्हा त्यावर माझं नाव का नव्हतं?

तो आकडा आपला दोघींचा होता. कोष्टकांचं पुस्तक तपासताना जेवणाच्या सुट्टीत तूच सुरुवात केलीस. दोन एक म्हणजे अकरा, ती मूळसंख्या, फुटत नाही. तीन एक म्हणजे तीन गुणिले सदतीस. चार एक, अकरा गुणिले एकशे एक. पाच एक, एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एकांनी आठवडा खाल्ला, पण दोनशे एकोणचाळीसनं भागताच तेही फुटले. सहा, आठ, नऊ, दहा यांचे तुकडे आधीच्यांतूनच पडत होते. आणि मग अकरा एक. तू तो आकडा पहिल्यांदा वाचलास तेव्हा सगळे जुळारी हातातले छपाईचे खिळे तसेच धरून ऐकत राहिले : अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. शिपाई म्हणाला, "बाई, पाळणा म्हणताय की काय?"

हा फुटतो की नाही, एवढं शोधायचं ठरलं. धाकटा तुकडा वर्गमुळाच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत जायचं. तेवढ्यात मूळसंख्या दहा हजारांवर. तेव्हा तुझ्या मास्तरांनी घरी तुला युक्ती सांगितली, की ज्या मूळसंख्येला बावीसनं भागल्यावर एक उरतो तेवढ्याच तपासा, हा आकडा फुटला तर तसल्यानंच फुटेल. दहा हजारांच्या हजारभर झाल्या. डावीकडचं पान तुझं, उजवीकडचं माझं. एकमेकींचं तपासायचं नाही, हा तुझा नियम. "दिवसभर लोकांच्या चुका काढतो, इथे तरी विश्वास ठेवू या," म्हणाली होतीस.

आठवड्याला पाच-सहा भागाकार. साडेतीन वर्षं. आणि लेखावर नाव एकटीचं! आधी याचं उत्तर दे, मग मी अक्षराचं सांगते.

शंका


६ जुलै

भोंगा,

तुझं उत्तर वाचलं. दोनदा. वेधशाळेत गणकाची जागा निघाली होती, अर्जासोबत स्वतःचं छापलेलं काम लागत होतं, 'सहकार्यानं केलेलं' चाललं नसतं. आणि मला विचारायचं तुला धाडस झालं नाही. बरं. हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी काही तुझा गळा धरला नसता. कदाचित धरला असता. पण सांगायला हवं होतंस.

वेधशाळेनं नंतर तुला काय कळवलं ते मला माहीत नव्हतं. "मूळसंख्या नसलेल्या आकड्याला मूळसंख्या म्हणून छापणारी व्यक्ती गणक म्हणून नेमता येत नाही." हे वाक्य तुला पाठ आहे, असं लिहिलंयस. आणि मग ही सगळी वर्षं विम्याच्या कचेरीत पाकिटांवर पत्ते.

आता मी काय केलं ते ऐक. गुरुवारी मी मास्तरांकडे गेले. तुझ्यासाठी नव्हे, माझ्या खात्रीसाठी. मला वाटलं, म्हातारा ठणठणीत असणार, घरकामाला बाई मिळत नसेल म्हणून बहिणीची आठवण झाली. आधी समोरच्या शिंप्याच्या दुकानात पाऊण तास बसून राहिले, ब्लाउजचं माप देण्याच्या निमित्तानं. त्यांची खिडकी दिसत होती. एक हात दोनदा आला आणि कुंडीत पाणी घालून गेला. शिंपी म्हणाला, "मास्तर वर्षभरात खाली आलेले नाहीत. पोरं वर जाऊन शिकतात." त्यावरही माझा विश्वास बसला नाही. पण ब्लाउजचं कापड निवडण्यापर्यंत वेळ आली तेव्हा उठले आणि जिना चढले.

दार त्यांनीच उघडलं, चौपायी काठी धरून. क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "अगं शंका, तू! तिचं काही बरंवाईट...?"

"नाही, तसं काही नाही."

भिंतीला धरून ते मटकन खुर्चीत बसले. नाटक करणाऱ्याला इतका घाम येत नाही, भोंगा.

मी पाणी आणून दिलं. घर तसंच आहे. फक्त तुझ्या खोलीत आता फळा आणि चार बाकं आहेत. मी आडून आडून विचारलं, "ती का गेली असेल, काय वाटतं तुम्हाला?"

"वाटायचं काय त्यात? मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी हसलो."

"हसलात?"

"मासिकाचा तो अंक आला ना, तिची चूक दाखवणारं पत्र छापलेला. मी इथेच बसून वाचत होतो. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. मी पाठकोऱ्या कागदावर भागून पाहिलं, तंतोतंत भाग गेला. आणि मला हसू आलं. तिच्यावर नव्हे गं. इतका आडवळणाचा आकडा, साडेतीन वर्षं लपून बसला आणि शेवटी सापडला, याचं हसू. वर पाहिलं तर ती दारात उभी. तशीच मागे वळली. तीन दिवसांनी घर सोडून गेली." मग म्हणाले, "शिक्षकानं एवढं हसू नये. सव्वीस वर्षं मी वर्गात हसलो नाही."

त्यांना ठाऊकच नाही, भोंगा. ते पत्र त्यांनी लिहिलं असा तुझा संशय आहे, हे त्यांच्या गावीही नाही. तू कधी विचारलंच नाहीस त्यांना. दारातून त्यांना हसताना पाहिलंस, माझं "त्यांच्यासारखं वाटतं" ऐकलंस आणि निघून गेलीस.

तू जाऊन ये. मी सांगते म्हणून जा.

शंका


२० जुलै

भोंगा,

तुझं कार्ड. चार ओळी. "जा म्हणतेस. पण पत्र त्याचं नव्हतं, असं कुठेच म्हणत नाहीस. तुझ्या पत्रात प्रश्नचिन्हं असतात, गाळलेल्या जागा नसतात. काय गाळलंयस?"

आता तू माझी प्रूफं तपासायला लागलीस तर.

ठीक आहे. लिहिते. हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं आणि तीन वेळा फाडलं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! तू पार्सल पाठवलंस त्या दिवसापासून मला वाटत होतं की तुला कळलंय आणि तू मला खेळवते आहेस. दोऱ्याच्या गाठी मोजत बसले ती त्यासाठी.

ते पत्र मी लिहिलं होतं.

लेख आला त्या दिवशी फोरमननं तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. तू रजेवर होतीस. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण वही दोघींची हे सगळ्यांना माहीत होतं. एक जुळारी म्हणाला, "तुम्ही काय, शाई भरत होता का?" मी हसले. घरी आले आणि पहिल्यापासून आकडे पुन्हा तपासायला बसले. आठ-दहा दिवसांत माझ्याच एका पानावरची चूक सापडली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भागताना अगदी शेवटच्या पायरीला एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस यायला हवे होते, तिथे माझ्या हातून आकडे उलटे पडले आणि चारशे एक्क्याऐंशी लिहिले गेले. त्यामुळे भाग आठाचा गेला आणि बाकी उरली. बरोबर लिहिलं असतं तर नऊचा भाग जाऊन बाकी शून्य. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस पट, नेमके.

तुझ्याकडे येऊन सांगायला हवं होतं. नाही आले. डाव्या हातानं, लाल शाईनं दोन ओळी लिहिल्या आणि मासिकाला पाठवल्या. लाल शाई मास्तरांवर संशय जावा म्हणून नव्हती, माझ्या हाताशी तीच असायची. पण संपादकांनी ते पत्र तुला पाठवलं, तू ते माझ्यासमोर धरलंस आणि विचारलंस, "कुणाचं असेल गं?" तेव्हा मी पाहिलं की लाल शाईनं तुझं लक्ष कुणाकडे गेलंय. आणि मी त्याला दुजोरा दिला. अर्ध्या मिनिटाचं काम. वेधशाळेच्या अर्जाबद्दल मला काही माहीत नव्हतं, हे मी तुला शपथेवर सांगते.

त्यानंतर तुझ्या लेखाचं पान फोरमननं फलकावर टाचलं, खाली 'तपासनीस!' असं लिहून. ते मी काढलं नाही. चार दिवस होतं. मी रोज त्याच्यासमोरून गेले.

याच्या दोन प्रती केल्या आहेत. एक मास्तरांना वर नेऊन देणार आहे. त्यांच्या हातात पडल्यावर ते मला हाकलतील की बसा म्हणतील, कोण जाणे. काही झालं तरी तू मात्र त्यांच्याकडे जा. रागवायचं तर माझ्यावर रागव. त्यांनी फक्त एक भागाकार केला आणि हसले.

शंका


११ ऑगस्ट

भोंगा,

तू आली आहेस हे मला शिंप्याकडून कळलं. नऊ दिवस झाले. रोज बेल वाजली की मी आधी भोकातून पाहते. एकदा वर्तमानपत्रवाला, एकदा खालच्या मजल्यावरच्या सूनबाई. तू येणार नाहीस हे मला कळत होतं, तरी पाहत होते.

आज मास्तरांचा विद्यार्थी तुझी चिठ्ठी देऊन गेला. अक्षर मोठं, पाटीवर लिहिल्यासारखं. डोळे खरंच गेलेत तर. तुझं वाक्य इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते मला विसरता येणार नाही :

"तुझी प्रत दादानं वाचली होती, माझ्या बाजूचं सगळं मी सांगितलं. तो पुन्हा हसला, या वेळी मीही हसले. पण एक गोष्ट मी मानत नाही. तुझ्या हातून आकडे उलटे पडले? अकरा वर्षांत मी वाचलेले लाखो आकडे तुझ्या बोटाखालून गेले, एकही उलटा पडला नाही. तुला तो कधी सापडला, ते खरं सांग."

मागच्या पत्रात खरं ते सगळं लिहिलं आणि मुख्य तेवढं सोडलं. शपथसुद्धा खोटी घेतली.

वहीचा पहिला उन्हाळा होता. शनिवार, अर्ध्या दिवसाची पाळी. तू खाली कागदाची रिळं मोजायला गेली होतीस. माझ्यापुढे एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास आला. पाच, एक, तीन, दोन, तीन असा भाग लागत गेला. शेवटी एक उतरवला, एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस झाले. नऊनं गुणलं. तेवढेच आले. मी पुन्हा गुणलं. खाली शून्य.

पहिल्यांदा काय वाटलं सांगू? ओरडावंसं वाटलं. मी उठलेसुद्धा, जिन्याकडे निघाले. आणि तुझ्या उघड्या खणात तो छापील अर्ज दिसला, वेधशाळेचा. तीन दिवसांपूर्वी तूच म्हणाली होतीस, "हा आकडा संपला की मी इथून सुटले गं. फुटो न फुटो, संपला पाहिजे." मी तेव्हा हसून मान हलवली होती.

मी परत येऊन बसले. रबर घेतलं. शेवटच्या पायरीचे दोन आकडे खोडून उलटे लिहिले. आठाचा भाग घातला आणि खाली बाकी लिहिली, एकवीस हजार दोनशे एकोणनव्वद. तू वर आलीस, विचारलंस, "काही?" मी म्हटलं, "नाही."

मला वाटलं, महिनाभरानं सापडल्यासारखं करीन. मग वाटलं, पावसाळा जाऊ दे. मग इतके दिवस झाले की सांगायची सोयच उरली नाही. तुझ्या बाजूची पानं पुढे सरकत राहिली. त्या शनिवारनंतर तू तीनशे ऐंशी भागाकार केलेस. मी काल मोजले. एकही चुकलेला नाही. एकाचाही उपयोग नव्हता. मीही माझ्या पानांवरचे सगळे केले, खरे खरे, शेवटच्या आकड्यापर्यंत. कारण तू समोर बसून करत होतीस.

अर्जाबद्दल मला माहीत होतं. तुला तिथे पाठवायला लागणारा कागद मीच पावणेतीन वर्षं अडवून धरला. आणि तो लेख होऊन निघाला तेव्हा त्यावर माझं नाव नाही म्हणून चिडून तोच फाडला.

का, असं विचारू नकोस. विचारशीलच. घरी माझं कोण होतं? आईचं दुखणं आणि एक पंखा. जेवणाची सुट्टी एक ते पावणेदोन. त्यासाठी मी सकाळी उठत असे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. स्वतः आणून मास्तरांच्या हातात देते आणि खाली शिंप्याच्या पायरीवर बसते. वाचून झालं की खिडकीतून बोलाव. नाहीतर खिडकी लावून घे. मला समजेल.

शंका


४ सप्टेंबर

भोंगा,

तुला जाऊन तीन आठवडे झाले. पोहोचल्याचं कार्ड मास्तरांना आलं, मला नाही. वर जाऊन वाचलं. मी आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडे जाते, पोरांच्या वह्या तपासायला. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे असं ते म्हणतात. कसा बसला, मला अजून कळलेलं नाही. परवा एका पोराचा हातचा राहिला तर मास्तर वर्गात खो-खो हसले. पोरं घाबरलीच.

त्या दिवशी तू खिडकी लावलीस, मग दहा मिनिटांनी उघडलीस. मधल्या दहा मिनिटांत मी पायरीवरून उठले होते, हे तुला सांगायचं राहिलं. रस्ता ओलांडला होता. शिंप्यानं हाक मारली म्हणून थांबले.

वर तू जे बोललीस ते सगळं बरोबर होतं. एकही शब्द मी खोडणार नाही. तुझ्या हातून गेलेली नोकरी, मास्तरांशिवाय गेलेली वर्षं, यांचं मी काहीच भरून देऊ शकत नाही. तू ते मागितलंही नाहीस. तू एवढंच विचारलंस, "'जाऊ नकोस' म्हणाली असतीस तर? दोनच शब्द होते. तेवढ्यासाठी अकरा अब्जांच्या आड लपायचं?" मग तू म्हणालीस, "चहा घे आणि जा." मी घेतला आणि गेले.

गुरुवारी बस स्थानकावर येऊ नकोस, असं तू म्हणाली नव्हतीस. मी नीट आठवून पाहिलं. म्हणून आले. तू खिडकीजवळ बसलेली, डोळ्यांवर तो काळा चष्मा. मी खाली उभी आहे हे तुला दिसलं की नाही ते कळेना. काच ठोकली. तू ती सरकवलीस. मला वाटलं होतं, काही तरी नीट बोलेन. तोंडातून आलं, "जाऊ नकोस."

कंडक्टरनं वळून पाहिलं. मागच्या बाकावरची बाई हसली. तू चष्मा सारखा केलास. मग म्हणालीस, "तिकीट काढलंय आता." आणि बस निघाली, मी दोन पावलं सोबत चालले, तेव्हा तू वाकून आणखी काही तरी म्हणालीस.

मला ऐकू आलं ते असं : "पुढच्या वेळी आधी सांग."

पण इंजिनाचा आवाज होता, शेजारच्या फलाटावरची बस हॉर्न वाजवत होती, आणि तुझा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही. 'पुढच्या वेळी'च म्हणालीस ना? की 'पूर्वीच सांगायचं'? दोन्ही बसतात. मी तीन आठवडे दोन्ही वाचून पाहतेय.

कार्डावर एक ओळ पुरे. मोठ्या अक्षरात लिही.

शंका